तीन हजार फेरे

गुंजीच्या आमच्या वाडवडिलांच्या घरामागे पूर्वी जिथे भाताची मळणी होत असे, त्या खळ्यावर आता पत्र्याचे छप्पर उभे आहे आणि छपराखाली एक लाल रंगाची, दोनच माणसे बसू शकतील अशी, उघडझाप होणाऱ्या छताची मोटार असते. माउलीच्या दर्शनाला परगावाहून आलेले पाहुणे कुंपणापाशी थबकतात आणि ही विलायती गाडी कुणाची म्हणून विचारतात. विलायती कसली, ही अनमोड घाटाखालची, असे आम्ही सांगितले की त्यांना आमची थट्टा वाटते.

थट्टा नाही. ‘सॅन स्टॉर्म’ नावाची ही गाडी १९९८ साली बाजारात आली आणि ती गोव्यात तयार होत असे. आराखडा फ्रान्समधला, इंजिन तिथल्याच रेनो कंपनीचे, ११४९ सीसीचे, आणि अंग फायबरग्लासचे. शक्ती म्हणाल तर साठ अश्वशक्तीच्या आसपास. आज बाजारहाट करणाऱ्या साध्या घरगुती गाड्यांनाही याहून अधिक असते. म्हणून हिला स्पोर्ट्स कार म्हणणे हे बोन्सायला वटवृक्ष म्हणण्यासारखे आहे, असे आमच्या एका स्नेह्यांचे मत. आमच्या धाकट्या भावाला ते मान्य नव्हते. वळणावर गाडी हातांशी कशी बोलते त्यावर तिची जात ठरते, असे तो म्हणे. फोंड्याला त्याचा छोटा छापखाना होता. यंत्रांशी बोलण्याची त्याला तेव्हापासूनची सवय. २००१ साली त्याने ही गाडी घेतली, तेव्हा आम्ही त्याला एक लांबलचक पत्र लिहिले होते. संसारी माणसाने दोन आसनांची गाडी घेऊ नये, हा त्या पत्राचा सारांश. त्याचे उत्तर आले नाही. पुढच्या दिवाळीला तो स्वतःच त्या गाडीतून गुंजीला आला.

आमचे वाहनविषयक शिक्षण निराळ्या शाळेत झाले होते. राज्य शासनाच्या सेवेतली तीसएक वर्षे आम्ही खात्याच्या डिझेल जीपमध्ये बसून तालुक्यांचे रस्ते तुडवले. जीपबरोबर एक लॉगबुक असे. महिनाअखेरीस त्यात एकूण किलोमीटर, एकूण डिझेल आणि लिटरमागची सरासरी मांडली जाई आणि खाली सही आमची. सरासरी घसरली की खुलासा मागणारे पत्र वरून येई. सरकारी नोकरीत खुलासा हा शब्द फार खोल रुजतो. निवृत्तीनंतरही रात्री स्वप्नात आम्ही खुलासे लिहीत असतो. आमचे चालक या बाबतीत आमचे गुरू. गाडी जरा हलली की ते टॉप गिअर टाकत आणि इंजिन घुरघुरत, जवळजवळ पेंगत चाले. ‘साहेब, जितकं हळू फिरंल तितकं डिझेल कमी आणि झीजबी कमी,’ हे त्यांचे सूत्र. ते त्या जीपपुरते फारसे चुकीचेही नव्हते. त्या जातीचे डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतही नेटाने ओढते, सपाट रस्त्यावर त्याला ओझे असे नसतेच. आम्ही मात्र ते सूत्र सर्व इंजिनांना, आणि खरे सांगायचे तर आयुष्यातल्या इतरही पुष्कळ गोष्टींना, लावून मोकळे झालो.

त्या दिवाळीत भावाने आम्हाला शेजारी बसवून लोंढ्याहून खाली अनमोड घाटात नेले आणि मोल्याहून परत वर आणले. गाडीत त्याने हौसेने इंजिनाचे फेरे मोजणारी एक जादा तबकडी बसवून घेतली होती. घाट चढताना तिचा काटा चार हजारांच्या पुढे-मागे खेळत होता. इंजिनाचा आवाज आमच्या जीपच्या मानाने किंचाळल्यासारखा. आम्ही दोनदा सांगून पाहिले, वरचा गिअर टाक. तो काही बोलला नाही. घाटमाथ्यावर पोचल्यावर मात्र म्हणाला, ‘अण्णा, तिला श्वास घेऊ दे की.’ आम्ही म्हणालो, ‘श्वास कसला, तू तिचे आयुष्य जाळतो आहेस.’ तो नुसता हसला. हा वाद पुढे पंधरा वर्षे दर भेटीत निघत राहिला. वडीलकीचा हक्क म्हणून शेवटचा शब्द नेहमी आमचाच असे.

२०१७ साली भाऊ गेला. पुतण्या जर्मनीत नोकरीला, भावजय फोंड्यालाच एकटी. गाडी विकायची तर घेणारा मिळेना. तिचे उत्पादन कधीच थांबले होते, सुटे भाग बाजारात दिसत नव्हते. ‘मोठे काका, भंगारात घालवण्यापेक्षा तुम्हीच ठेवा,’ असे पुतण्याने दूरध्वनीवर सांगितले आणि २०१८च्या फेब्रुवारीत ती गुंजीला आली. गोव्याची नोंदणी इकडे आणण्याच्या कागदपत्रांचा घाट हा अनमोडपेक्षा चढायला कठीण निघाला, पण तो विषय वेगळा. पिढ्यान्‌पिढ्या इथे रुजलेल्या आपल्यासारख्या घरांतून जुनी वस्तू टाकून देण्याची रीत नाही. तांब्याचा बंब, शिसवी पाळणा, आजोबांचे मोडी दप्तर, सगळे आपण सांभाळतो. गाडीही त्याच भावनेने खळ्यावर आली. फरक इतकाच की, बंब वापरून झिजत नाही.

आम्ही मनाशी ठरवले, भावाने पिदडलेले हे इंजिन आता आम्ही जपायचे. झालेली झीज भरून येणार नाही, निदान पुढची तरी थांबवू. त्याप्रमाणे दीड हजार फेऱ्यांवर पुढचा गिअर, दोन हजारांच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, असा नियम केला. येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही तो अभिमानाने सांगतही असू. भावजयीच्या जागेच्या कामासाठी फोंड्याच्या फेऱ्या वारंवार होत. पावणेदोन वर्षांत आमच्या हातून नऊ हजार किलोमीटर झाले. पेट्रोलचा हिशेब वहीत मांडलेला होता आणि सरासरी, जुन्या भाषेत सांगायचे तर, समाधानकारक होती.

२०१९च्या दसऱ्यानंतर असेच एकदा फोंड्याहून परत येत होतो. मोले सोडून घाट लागला. आम्ही चौथ्या गिअरमध्ये होतो आणि काटा पंधराशेच्याही खाली. गाडी चढेना म्हणून पाय एक्सलरेटरवर पूर्ण दाबलेला. तेव्हा इंजिनातून भाड्याच्या कढईत चणे तडतडावेत तसा आवाज येऊ लागला. असा आवाज यापूर्वीही येई, पण आम्ही तो जुनेपणाच्या खाती टाकलेला होता. या वेळी मात्र त्याच्याखाली दुसरा, जड, ठोक्याठोक्याने येणारा आवाज होता. लोंढ्यापाशी गाडी थांबवली तर समोर तेलाचा लाल दिवा लुकलुकत होता. जरा रेस दिली की विझे, सोडली की पुन्हा लागे. कसेबसे गुंजी गाठले. दुसऱ्या दिवशी गाडी ट्रकवर चढवून बेळगावला उद्यमबागेत नेली.

उद्यमबागेविषयी वाचकांना वेगळे सांगायला नको. ओतकामाच्या भट्ट्या आणि क्रँकशाफ्टचे काम यांसाठी ही वसाहत दूरवर ओळखली जाते आणि तिथल्या गल्ल्यांतून धातूच्या अंगावरचे डाग वाचणारी माणसे भेटतात. आम्ही गेलो ते मिस्त्री वयाने साठीचेच. त्यांनी गाडी वर घेतली, तेल काढले, खालचे ऑइल चेंबर उतरवले आणि पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या चारही कनेक्टिंग रॉडच्या टोप्या सोडल्या. प्रत्येक रॉडच्या त्या मोठ्या कड्यात बेअरिंगच्या दोन अर्धवर्तुळाकार पातळ पट्ट्या असतात. त्यांना शेल म्हणतात. एक वरच्या अर्ध्यात, पिस्टनच्या बाजूला, आणि एक खालच्या टोपीत. नव्या शेलचा रंग मळकट करडा. मिस्त्रींनी आठही शेल पुसून एका वर्तमानपत्रावर दोन रांगांत मांडले.

खालच्या रांगेतले चारही शेल करडे होते. वरच्या रांगेतल्या चारही शेलांच्या मध्यभागी तांबूस पट्टा उघडा पडला होता.

आम्ही म्हणालो, ‘आमच्या धाकट्या भावाने फार पिदडली हो ही गाडी. चार-चार हजारांवर घाट चढायचा.’

मिस्त्री काही वेळ शेलांकडेच पाहत राहिले. मग म्हणाले, ‘त्येनं नाही झालं साहेब. लई पळवून मारलेली गाडी खालचा शेल खाती. ह्यो वरचा खाल्लाय. टॉपला टाकून वढून काढलीया ही.’

आम्हाला ते पटले नाही. जुन्या कागदांची फाइल आम्ही सरकारी शिस्तीने बरोबर नेली होती. इंजिनाचे वय सिद्ध करण्यासाठी आम्ही ती उघडली आणि त्यात भावाच्या हातची नोंद असलेले २०१५चे एक बिल निघाले. इंजिन उघडले होते आणि आठही शेल नवे घातले होते. त्याखाली त्या दिवसाचा किलोमीटरचा आकडा. आम्ही वजाबाकी केली. त्या दिवसानंतर भावाने गाडी जेमतेम दोन हजार किलोमीटर चालवली होती. पुढे त्याचे आजारपण सुरू झाले. उरलेले नऊ हजार आमचे. खुलासा मागणारे पत्र कुणी पाठवले नव्हते, तरी तो देणे भाग होते, आणि ज्याला द्यायचा तो हयात नव्हता.

त्या रात्री बेळगावला मेहुण्यांकडे मुक्काम होता. झोप आली नाही. पुढचे काही महिने आम्ही या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. आम्ही पदवीधर असलो तरी कलाशाखेचे, त्यामुळे सुरुवातीला पुष्कळ अडखळलो. परंतु जे हाती लागले ते इतके सुंदर होते, की चाळीस वर्षे गाड्यांतून फिरूनही आपल्याला त्याचा गंध नसावा याची लाज वाटली.

बेअरिंगमध्ये धातू धातूवर घासत नाही. निदान घासू नये अशी योजना असते. फिरणारा क्रँक स्वतःच्या गतीने तेल ओढून घेतो आणि पाचरीसारखे अरुंद होत जाणाऱ्या फटीत कोंबतो. त्या कोंडलेल्या तेलाचा दाब एवढा वाढतो की क्रँक त्यावर अक्षरशः तरंगतो. ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती आगगाडीच्या आसांवरून. १८८३ साली इंग्लंडात बोशाँ टॉवर नावाचे अभियंते आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. तेल घालण्यासाठी वरच्या बाजूला पाडलेल्या भोकातून आस फिरू लागताच तेल उलट बाहेर येऊ लागले. त्यांनी लाकडी बूच ठोकले, तर तेलाने तेही वर ढकलून दिले. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी या दाबाचे गणित मांडले. साधारण त्याच दशकात आमच्या या जंगलातून सदर्न मराठा रेल्वेचे रूळ पडत होते. लहानपणी गुंजी स्थानकावर मालगाडी थांबली की एक माणूस चाकांजवळच्या पेट्यांची झाकणे उघडून आत तेल आहे का पाहत जाई. तो काय पाहत होता, हे आम्हाला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळले.

तेलाच्या या पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. फिरण्याची गती आणि तेलाचा दाटपणा वाढला की तो जाड होतो. वरचे ओझे वाढले की पातळ होतो. आता आमचा घाटातला पराक्रम पाहा. गाडी एका ठराविक वेगाने घाट चढवायला लागणारी शक्ती ठरलेली असते, मग गिअर कुठलाही असो. ती शक्ती मिनिटाला तीन हजार फेऱ्यांत वाटली तर प्रत्येक फेऱ्याच्या वाट्याला थोडी येते. पंधराशेत वाटली तर प्रत्येक स्फोटाचा धक्का दुप्पट करावा लागतो. दोन पोती भात दोन खेपांत न्यायचे की एकाच खेपेत डोक्यावर घ्यायचे, असा हा प्रश्न आहे. आम्ही खेपा वाचवत होतो आणि मान मोडत होतो. ओझे दुप्पट, गती निम्मी, म्हणजे पापुद्रा दोन्ही बाजूंनी मार खाणार. शिवाय इंजिन सावकाश फिरले की त्यावर चालणारा तेलाचा पंपही सावकाश. आणि चणे तडतडल्यासारखा आवाज म्हणजे कोंडलेले पेट्रोल ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता भलत्या क्षणी पेटत होते. त्या धक्क्याचा घण वरून, पिस्टनच्या बाजूने, वरच्याच शेलवर बसतो. वर्तमानपत्रावर मांडलेल्या दोन रांगांत हे सगळे लिहिलेले होते.

मग भावाचेच बरोबर होते का? सर्वस्वी नाही, असे आजही आमचे मत आहे, आणि तेही गणिताच्या आधाराने. आमच्या इंजिनात पिस्टन वरून खाली ७६.८ मिलिमीटर जातो. तीन हजार फेऱ्यांना त्याची सरासरी चाल सेकंदाला साडेसात मीटरांहून थोडी अधिक पडते. सहा हजारांना त्याच्या दुप्पट. चाल दुप्पट झाली तर वरच्या टोकाला थांबून उलटे वळताना बसणारा हिसका मात्र चौपट होतो. सहा हजारांवर तो गुरुत्वाकर्षणाच्या दोन हजार पटींच्या घरात जातो. म्हणजे पाव किलोचा पिस्टन त्या क्षणी पाचशे किलोंच्या वजनासारखा रॉडला वर खेचतो आणि हा ताण खालच्या टोपीतल्या शेलवर येतो. मिस्त्री ‘पळवून मारलेली गाडी खालचा शेल खाती’ म्हणाले त्याचा अर्थ हा. म्हणून फेरे अमर्याद वाढवणे हेही आयुष्य जाळणेच. भाऊ पाच हजारांच्या पुढे क्वचित जात असे, असे भावजय सांगते. आम्ही त्याला नियमित जाणारा समजत होतो, कारण आम्ही तबकडी पाहत नव्हतो, आवाज ऐकून घाबरत होतो.

इथे एक शंका आमच्या मनात बरेच दिवस घोळत होती. आमच्या लहानपणी भातगिरणीत लिस्टर धाटणीचे एक इंजिन होते, दोन अवजड चाकांचे, मिनिटाला साडेसहाशे फेरे, त्याची पुकपुक वेशीपर्यंत ऐकू येई. ते तर पूर्ण ओझ्याखाली वर्षानुवर्षे चालले. साडेसहाशेवर ते तगले, मग पंधराशेवर आमचे इंजिन का झिजले? उत्तर सोपे निघाले. त्या इंजिनाची बेअरिंगे, पिस्टन, चाके सगळे त्या एका गतीसाठी आणि त्या ओझ्यासाठी घडवलेले होते. आमचे इंजिन हलके, छोट्या अंगाचे; त्याची खरी ओढ सुमारे अडीच हजार फेऱ्यांना येते आणि पूर्ण शक्ती सव्वापाच हजारांच्या सुमारास. बैलाला आणि शिंगराला एकच जू चालत नाही, हे खेड्यातल्या माणसाला सांगावे लागू नये, आम्हाला लागले.

शेल मिळण्याची कथा थोडक्यात सांगतो. क्रँकला ओरखडे नव्हते, नुसत्या पॉलिशवर भागले, हे नशीब. रेनोचे हेच इंजिन युरोपात ट्विंगो आणि क्लिओ या गाड्यांत बसवलेले असल्याने पुतण्याने तिकडे शेल शोधून टपालात टाकले, तोच २०२०च्या मार्चमध्ये कोरोनाची टाळेबंदी आली. पुडके सप्टेंबरात हाती पडले. तोवर गाडी उद्यमबागेत पोट उघडे टाकून उभी होती आणि आम्ही गुंजीत तेलाचे पापुद्रे वाचत बसलो होतो.

त्यानंतर चालवण्याची आमची रीत बदलली. सकाळी इंजिन सुरू केले की ते जागेवर गुरगुरत ठेवत नाही. रात्रभर तेल खाली उतरलेले असते, पहिले काही सेकंद सगळे अवयव जवळजवळ कोरडे असतात, आणि थंड इंजिनाला जादा पेट्रोल लागते, ते सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल धुऊन काढते. ही अवस्था जितकी लवकर संपेल तितके बरे. म्हणून अर्ध्या मिनिटात निघायचे, पण पाय हलका ठेवून. काटा दोन ते अडीच हजारांत, त्याखाली नाही आणि वरही नाही. पाण्याच्या उष्णतेचा काटा चार-पाच किलोमीटरांत मध्यावर येतो आणि माणूस फसतो. तेल तापायला याहून पुष्कळ वेळ लागतो. खानापूर इथून दहा-बारा किलोमीटर. तिथे पोचेपर्यंत आम्ही इंजिन थंडच समजतो.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा. खानापूर तालुक्यातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना चार महिने खळ्यावर उभ्या गाडीची दशा सांगायला नको. सौ. पूर्वी म्हणत, रोज पाच मिनिटे सुरू करून ठेवा. ते आम्ही करीतही होतो. ते वाईट. पाच मिनिटांत इंजिनाच्या पोटात पाणी धरते आणि ते वाफ होऊन जाण्याइतके तेल तापत नाही. आता पंधरवड्यातून एकदा, पावसाची उघडीप पाहून, बेळगावच्या वाटेवर वीस-पंचवीस किलोमीटर तिला चांगली तापवून आणतो. गाडी कमी फिरली तरी तेल वर्षाला बदलतोच.

तापल्यावर सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये अडीच हजारांच्या आसपास. तिथे ओझे नसते, म्हणून फेरे कमी असले तरी चालतात, पेट्रोलही वाचते; जुन्या गुरूंचे सूत्र इतके खरे ठरले. चढ लागला की मात्र काटा पडण्याआधीच गिअर खाली. तीन ते साडेतीन हजार, क्वचित चार. अडीच हजारांच्या खाली असताना पाय पूर्ण दाबायचा नाही, हा आता एकमेव कडक नियम. उतारावर तोच गिअर ठेवून पाय उचलायचा आणि इंजिनालाच गाडी धरू द्यायची. फेरे वाढले तरी तेव्हा आत स्फोटाचा भार नसतो. सरासरी लिटरमागे एक-दीड किलोमीटरने घसरली आहे. वहीत ती आम्ही लिहितो, शेरा लिहीत नाही. गेल्या पाच वर्षांत ऑइल चेंबर उघडलेले नाही. तापलेल्या इंजिनावरही तेलाचा दिवा विझलेला राहतो, यापलीकडे पुरावा आमच्यापाशी नाही. पुढच्या खेपेला शेल काढले जातील तेव्हा ते काय सांगतील ते पाहायचे. वरची रांग आणि खालची रांग सारखीच झिजलेली निघावी, एवढीच इच्छा आहे.

गाडी दुरुस्त होऊन आल्यावर भावजयीला भेटायला गेलो तेव्हा हे सगळे तिला सांगितले. पंधरा वर्षे आम्ही तुझ्या नवऱ्याला ज्या गोष्टीसाठी बोललो ती आमच्याच हातून झाली, असे स्पष्ट शब्दांत सांगायला मनाची तयारी लागली. वडीलधाऱ्याने धाकट्या भावजयीपुढे चूक कबूल करण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. ती चहा गाळत होती. गाळणी बाजूला ठेवून म्हणाली, ‘अण्णा, तुम्ही बोललेलं त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही. पण घाटात तुम्ही बोलत होता ते त्यांना आवडायचं नाही. घाट लागला की ते कोणाशीच बोलत नसत, माझ्याशीसुद्धा नाही. इंजिन ऐकायचे.’

आम्हाला २००२ची ती दिवाळी आठवली. दोनदा सांगितले, तो गप्प राहिला, आणि आम्ही त्याला उद्धटपणा समजलो.

परवा फोंड्याहून परतताना सौ. शेजारी होत्या. मोल्याची वस्ती मागे पडली, झाडी दाट झाली, पहिल्या वळणाआधी आम्ही तिसरा गिअर टाकला आणि काटा तीन हजारांवर स्थिरावला. तेवढ्यात सौ.नी काहीतरी विचारले, बहुधा भावजयीने दिलेल्या कोकमांविषयी. उत्तर आम्ही वर पोचल्यावर दिले.